तिसऱ्यांदा नाही

वांगदाक मास्तरांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ते बायकोसाठी, हे न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या निम्म्या तिबेटी लोकांना ठाऊक होतं. उरलेल्या निम्म्यांना ते मास्तरांकडे चुपा, म्हणजे आमचा पायघोळ झगा, शिवायला आले की कळे. अंगाला टेप लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, आणि मास्तरांची माप घ्यायची पद्धत निवांत. खांदे मोजून होईपर्यंत त्यांची परीक्षा, कंबर होईपर्यंत शपथविधी, आणि उंचीपर्यंत आले की "आता नोरझोमचं ग्रीन कार्ड मी माझ्या हातानं करणार" हे ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक हो हो म्हणून सुटका करून घेई.

ती परीक्षा काही सुखासुखी झाली नव्हती. मास्तरांनी मशीन चालवताना कानात वायर घालून सगळे प्रश्न घोकले होते, इतके की पुढे टीप मारताना पायाच्या तालावर तोंडातून राष्ट्राध्यक्षांची नावं बाहेर पडत. पहिल्या खेपेला उत्तरं सगळी बरोबर आली. शेवटी समोरच्या बाईनं हसून विचारलं, "मग, शपथ घ्यायची ना तुम्हाला?" मास्तर मान खाली घालून म्हणाले, "नाही, नाही." आणि वाट बघत बसले.

कसली वाट? तर तिनं पुन्हा विचारण्याची. आमच्यात कुणी चहा पुढे केला की पहिलं 'नाही' म्हणायचं ती रीत, दुसरं 'नाही' म्हणायचं ते वळण, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की पेला पुढे करायचा. तिसऱ्यांदाही जो नाही म्हणतो त्याचंच नाही खरं. पहिल्या शब्दाला हो म्हणणारा एक तर उपाशी असतो, नाही तर निर्लज्ज. त्या बाईला हे कुठून ठाऊक असणार? तिनं चष्म्यावरून बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि मास्तर पुढची तारीख घेऊन घरी आले. ऐकून नोरझोमनं कपाळावर हात मारला.

"अहो, ती काय तुम्हाला चहा देत होती का?"

"तिनं अजून एकदा तरी विचारायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "काय ही माणसं! आग्रह म्हणून माहीत नाही."

दुसऱ्या खेपेला नोरझोमनं दारातूनच बजावलं, "विचारलं की लगेच हो म्हणायचं. बेशरम व्हायचं." मास्तरांनी 'हो' एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकला. शपथेच्या दिवशी ते स्वतः शिवलेला तपकिरी चुपा घालून गेले, तिथे मिळालेला छोटासा अमेरिकी झेंडा हातात घेऊन परत आले आणि तो त्यांनी मशीनच्या दोऱ्याच्या खिट्टीत खोचून ठेवला.

एवढा आटापिटा कशासाठी, हे कळायला नोरझोम कोण ते सांगायला हवं. ती मूळची हिमालयापलीकडची, वयात येता येता डोंगर ओलांडून नेपाळात उतरलेली, पुढे अमेरिकेत आलेली. चाळिशीपर्यंत एकटी. मॅनहॅटनमधल्या एका घरी जुळी मुलं सांभाळायची, आणि ती गोरी पोरं पडली की "आमा!", आमच्या भाषेत आई, म्हणून रडायची, त्यावर त्यांची आई हिच्याकडे बघून हसायची. एका लोसारला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, ती चुपा शिवायला मास्तरांकडे आली. मास्तरांनी टेप हातात घेतली आणि माप संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही. पडद्यामागे बसलेल्या आचा पासांगनं, म्हणजे पासांगताईनं, हे बघितलं. पासांग शेजारच्या गाडीवर मोमो विकते आणि गल्लीतली बातमी तिच्या वाफेबरोबर पसरते. तिनं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "मास्तर गप्प बसले. आता लग्नच!"

लग्न झालं. सुखाचं झालं. एकच गोष्ट लटकत होती. नोरझोमचा राजकीय आश्रयाचा अर्ज वर्षानुवर्षं कुठल्याशा कपाटात झोपला होता, आणि तो कधी उठेल हे देवालाही सांगता आलं नसतं. तेव्हा मास्तरांनी मनाशी ठरवलं, आपण नागरिक व्हायचं आणि नवऱ्याच्या नात्यानं हिचं कार्ड करायचं. नोरझोम त्यांच्यापेक्षा जास्त कमवायची, इंग्रजी फडाफडा बोलायची, भुयारी रेल्वेचा नकाशा तिला पाठ. घरात मास्तरांनी तिला द्यावं असं फारसं काही उरलं नव्हतं. हे एक मात्र ते देऊ शकत होते, आणि त्यात त्यांचा सगळा जीव होता.

आणि झालं काय, तर मास्तरांचा झेंडा खिट्टीत खोचून दोन महिने होतात न होतात तोच नोरझोमला मुलाखतीचं बोलावणं आलं. ती गेली, आपली हकीकत सांगून आली, आणि थोड्याच दिवसांत उत्तर आलं: आश्रय मंजूर.

गल्लीत आनंदीआनंद झाला. पासांगनं मोमो फुकट वाटले, जे तिनं स्वतःच्या मुलीच्या लग्नातही हात राखूनच वाटले होते. लोक मानाचे खाता घेऊन आले, नोरझोमच्या गळ्यात त्या पांढऱ्या शेल्यांचा ढीग झाला. मास्तर सगळ्यांत जास्त नाचले. पण घरी येऊन मशीनवर बसले तेव्हा त्यांची नजर त्या झेंड्याकडे गेली आणि त्यांना वाईट वाटलं. चांगल्या दिवशी वाईट वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं. जेवण रांधून वाढायला यावं आणि पाहुणा बाहेरूनच जेवून यावा, तसं झालं होतं त्यांचं.

वकीलबाईंकडे दोघं गेली. मरिसोल नावाची तरुण मुलगी, बोलायला मोकळी. तिनं टेबलावर दोन पेनं शेजारी शेजारी ठेवली.

"तुमच्यापुढे आता दोन वाटा आहेत," ती म्हणाली. "ही पहिली, मास्तरांची. ते नागरिक, तुम्ही त्यांची बायको. अर्ज आजच करता येईल. लग्न खरं आहे हे दोघांना मिळून सांगावं लागेल, आणि हिचा भार मी उचलीन असं मास्तरांना लिहून द्यावं लागेल. कार्ड मिळाल्यावर तीन वर्षांनी तुम्हालाही नागरिकत्व मागता येतं. ही दुसरी वाट, तुमची स्वतःची. आश्रय मिळाल्यापासून वर्षभर इथे राहायचं, मग त्याच आधारावर कार्ड. त्यात कुणाची सही नको, कुणाचा भार नको. कार्डावर तारीख एक वर्ष मागची पडते, म्हणून पुढे नागरिकत्वाला चार वर्षं. वाटा दोन्ही चांगल्या. तुमच्या बाबतीत कुठलीच अडत नाही. निवड तुमची."

"भाराचं मी लिहून देतो," मास्तर घाईनं म्हणाले. "आत्ता देतो."

मरिसोलनं त्यांची कमाई बघितली आणि ओठ दाबले. "थोडी कमी पडतेय. पण नोरझोमची कमाई जोडली की बसेल."

"म्हणजे हिचा भार मी उचलायचा," मास्तर म्हणाले, "हिच्याच पगारावर?"

नोरझोमला हसू आवरेना. मास्तरही हसले, पण जरा उशिरा.

"मग कुठली?" मरिसोलनं विचारलं.

आणि इथे घोळ सुरू झाला. नोरझोम म्हणाली, "त्यांचीच बरी. माझ्या आश्रयाचं काय मोठं!" मास्तर म्हणाले, "छे छे, हिचीच बरी. माझ्या नागरिकत्वाला कोण विचारतो?" मरिसोल खूश झाली. "छान! मास्तर म्हणतात आश्रयाची वाट. घेते लिहून."

"नको!" दोघंही एकदम ओरडली.

"मग मास्तरांची?"

"नको, नको!"

मरिसोलनं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं आपली स्पॅनिश वळणाची इंग्रजी यांना कळली नसावी. वास्तविक भानगड साधी होती. दोघंही पहिलंच 'नाही' म्हणत होती, आणि दोघांपैकी कुणाचं खरं आणि कुणाचं रीतीचं, हे त्या दोघांनाही कळत नव्हतं. परक्याशी रीत पाळली तर चहा थंड होतो. नवरा-बायकोनं पाळली तर आयुष्य अडून बसतं. "घरी जा, बोला, आणि ठरवून या," मरिसोल म्हणाली.

घरी बोलायचं राहिलं बाजूला, गल्लीच बोलायला लागली. पासांग म्हणाली, "मास्तर नागरिक झालेत ते काय झेंडा वाळत घालायला? त्यांच्याच वाटेनं जा, वर्ष वाचतं." मसाल्याच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "नवऱ्याचा काय भरवसा? आपलं ते आपलं." मास्तर तिथेच हळद घेत उभे होते. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हे खरं. पण बायकोच्या मनाचं आधी कळायला तर हवं.

तेव्हा मास्तरांनी केलं ते आमच्यातला कुणीही करतो. ते कौल घ्यायला गेले. एका घराच्या तळघरात आमचा छोटा मठ आहे, तिथे गेशे तोपदेन हे लामा फासे टाकून कौल देतात. घर घ्यावं का, ऑपरेशन करावं का, मुलीला हा मुलगा द्यावा का, सगळ्याला फासे. मास्तरांनी शेला वाहिला आणि विचारलं, "गेशे, नोरझोमचं कार्ड माझ्या वाटेनं केलं तर चांगलं होईल का?" गेशेंनी मंत्र पुटपुटून फासे हातात खुळखुळवले, टाकले, बघितले. "उत्तम. काही विघ्न नाही."

मास्तर तरंगत घरी आले. दोन दिवस काही बोलले नाहीत. बायकोनं आपण होऊन विषय काढला की कौल सांगायचा, असा त्यांचा बेत.

नोरझोमनं विषय काढला तो बुधवारी. शेवयांचा थुक्पा वाढताना ती सहज म्हणाली, "मी गेशेंकडे जाऊन आले."

मास्तरांचा चमचा वाटीतच राहिला. "कधी?"

"सोमवारी. विचारलं, माझ्या वाटेनं गेले तर कसं? म्हणाले, उत्तम, काही विघ्न नाही."

"अगं, मला रविवारी हेच सांगितलं! माझ्या वाटेला!"

दोघंही थुक्पा तसाच टाकून तळघरात गेली. गेशे टीव्हीवर फुटबॉल बघत होते. त्यांनी आवाज कमी केला आणि दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"फासे जे विचाराल त्याचं उत्तर देतात," ते म्हणाले. "तू विचारलंस तुझी वाट चांगली का. हिनं विचारलं हिची वाट चांगली का. दोन्ही चांगल्या आहेत. तुमची वकीलही हेच म्हणाली ना? ती तर फुकट म्हणाली. दुसरी वाट वाईट का, असं कुणी विचारलं का मला?"

"मग आता विचारतो," मास्तर म्हणाले.

"आता गोल होतोय," गेशे म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मग मास्तर दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "वांगदाक, तू मला विचारलंस. फाशांना विचारलंस. बायकोला विचारलंस का?"

दोघं घराकडे निघाली. डोक्यावरून रेल्वे गेली तेव्हा बोलायची सोयच नव्हती. घरी येऊन मास्तरांनी थंड झालेला थुक्पा गरम केला, एक वाटी बायकोपुढे ठेवली आणि समोर बसले.

"नोरझोम, रीत राहू दे. मी चहा देत नाहीये तुला. खरं सांग. काय हवंय?"

तिनं वाटी बाजूला सारली.

"तुम्हाला लागेल," ती म्हणाली.

"लागू दे."

"डोंगर ओलांडला तेव्हा वाटेत कुणी विचारलं तर मी एका व्यापाऱ्याची मुलगी. तसंच पढवलं होतं. नेपाळात उतरले, तिथे एका बाईची भाची म्हणून रेशन मिळालं. ती माझी कोणी नव्हती. अमेरिकेत आले ती एका शेठाणीची मोलकरीण म्हणून, व्हिसा तिच्या जिवावर. सगळीकडे कुणाच्या तरी मागे शेपटीसारखी. आणि त्या दिवशी मुलाखतीला गेले, दार उघडलं, आणि तो माणूस म्हणाला, 'नोरझोम, आत या.' एवढंच. कुणाची मुलगी नाही, कुणाची मोलकरीण नाही. मी बोलत होते आणि तो लिहून घेत होता. मधे रडले तर त्यानं थांबून पाणी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट मी सांगितली, आणि ती कुणीतरी खरी मानली." तिनं डोळे पुसले. "त्या गोष्टीवर कार्ड मिळावं असं वाटतं. वर्ष जास्त लागलं तरी. तुमच्यासाठी कमी वाटतं म्हणून नाही हो. तुम्ही माझ्यासाठी ती परीक्षा दिलीत, मला काय कळत नाही? म्हणून तर तोंड उघडत नव्हते."

मास्तरांना लागलं. खोटं कशाला सांगा? पण त्याचबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर ते स्वतःवरच चिडले. ही बाई इतकी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या मागे उभी राहून आली, आणि आपण तिला प्रेमानं आणखी एका रांगेत उभं करायला निघालो होतो. आपल्यामागे.

मरिसोलच्या कचेरीत ती दोन पेनं पुन्हा टेबलावर आली.

"मास्तर, तुमची वाट घ्यायची का?" तिनं विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

मरिसोल आता शहाणी झाली होती. ती थांबली. "नक्की? तुमची वाट नको?"

"नाही."

नोरझोम नवऱ्याकडे बघत होती. इथपर्यंत सगळी रीतच होती. दोन नाही कुणीही म्हणतं. तिनं स्वतःच तिसऱ्यांदा विचारलं, हळू आवाजात, आपल्या भाषेत. "अहो, तुमच्या वाटेनं जाऊ का मी? मनापासून सांगा."

"नाही," वांगदाक मास्तर म्हणाले. "तुझ्या वाटेनं जा."

मरिसोलला त्यातला एकही शब्द कळला नाही. पण नोरझोमनं नवऱ्याचा हात भर कचेरीत धरला, आणि आमच्यात भर कचेरीत हात कुणी धरत नाही, तेव्हा तिनं काही न विचारता एक पेन उचलून खणात टाकलं.

पुढचं वर्ष मजेत गेलं. मास्तर आता माप घेताना नवी गोष्ट सांगत. खांद्यापाशी व्यापारी, कमरेपाशी मुलाखत, आणि उंचीपर्यंत आले की "तिचं कार्ड ती स्वतः करतेय. कुणाच्या भानगडीत न पडता!" हे वाक्य. गिऱ्हाइकांना वाटे, हा माणूस कुठल्याही गोष्टीचा अभिमान बाळगू शकतो. निवडणूक आली तेव्हा मास्तर तपकिरी चुपा घालून मत द्यायला गेले, आणि तिथे मिळालेला 'मी मत दिलं' असा चिकटवायचा कागद आठवडाभर छातीवर मिरवत राहिले. पासांग म्हणाली, "चला, झेंड्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा."

वर्षानं अर्ज गेला, बोटांचे ठसे झाले, डॉक्टरनं तपासलं, आणि पुढे एका बुधवारी पाकीट आलं. नोरझोम कामावर होती. मास्तरांनी पाकीट झेंड्याशेजारी टेकवून ठेवलं आणि दिवसभर एकही टीप सरळ मारली नाही. कुणा बिचाऱ्याची बाही त्या दिवशी उलटी लागली. पण पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. ते तिच्या नावाचं होतं.

ती आली, चपला न काढताच पाकीट फोडलं, कार्ड उजेडात धरलं. "फोटोत मी चिडल्यासारखी दिसते," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मास्तर तर आधीच रडत होते.

बुधवारी संध्याकाळी आमची माणसं चौकात गोल धरून नाचतात. सगळ्यांनी चुपा घालायचा असा त्या दिवसाचा नेम. नोरझोम तयार व्हायला आत गेली. बाहेर पासांग येऊन उभी राहिली होती, तिला ही बातमी कुठून कळली देव जाणे. कार्ड उलटंसुलटं करून बघत ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे मास्तर, यात तुमचं नाव कुठेच नाही की!"

नोरझोम चुपा घालून बाहेर आली. कमरेला ती पांगदेन बांधत होती, लग्न झालेल्या बाईनंच बांधायचं ते पट्ट्यापट्ट्यांचं पुढचं वस्त्र. मास्तरांनी लग्नासाठी स्वतः शिवलेलं, कडेला आता थोडं झिजलेलं.

"त्यांचं नाव इथे आहे," ती पांगदेनची गाठ मारत म्हणाली. "हे मी रोज कुणाच्या परवानगीवाचून बांधते. कार्डावर कशाला हवंय?"

पासांगनं कार्ड परत केलं. मास्तर टेप गळ्यातच ठेवून खाली वाकले आणि झिजलेली कड बोटांनी चाचपून बघू लागले, कारण वर बघितलं असतं तर पुन्हा डोळे भरले असते.

"जुनं झालं हे," ते म्हणाले. "नवीन शिवतो तुला."

"नको हो. चांगलं आहे की."

"शिवतो ना."

"उगीच कशाला त्रास?"

चौकातून ढोलाचा आवाज यायला लागला होता. पासांग "चला, चला" करत होती. पण मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"रेशमी शिवा," नोरझोम म्हणाली.